‘विक्री : शून्य’ – शेतीच्या योजना आखणाऱ्यांना खुले पत्र

महोदय आणि महोदया,

हे पत्र नेमकं कुणाला, ते आधी सांगते. नाहीतर प्रत्येकाला वाटेल की ते शेजारच्या खोलीतल्या माणसासाठी आहे. कृषी मंत्रालयांत बसून पुढच्या पाच-दहा वर्षांची उद्दिष्टं ठरवणारे, विकास बँकांत कर्जाचे प्रकल्प मंजूर करणारे, मदत देणाऱ्या संस्थांत ‘मूल्यसाखळी’ हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारणारे आणि या सगळ्यांसाठी पैसे घेऊन अहवाल लिहिणारे सल्लागार, अशा तुम्हा सर्वांना. तुम्ही कोणत्या देशात आहात याने फारसा फरक पडत नाही. तुमच्या कागदांतलं एक वाक्य सगळीकडे सारखंच असतं : ‘निर्वाह शेतीकडून व्यापारी शेतीकडे संक्रमण घडवून आणणे.’ म्हणजे पोटापुरतं पिकवणाऱ्याला विकण्यासाठी पिकवायला लावायचं. मला ते वाक्य पाठ आहे. कितीदा तरी मी स्वतः ते टाइप केलं आहे.

मी तुमच्या विरोधी गटातली नाही. नोकरीची बहुतेक वर्षं शेतकरी कुटुंबांच्या पाहण्या करण्यात गेली. दारोदार जायचं, तक्ता भरायचा, बेरजा तपासायच्या, कागद वर पाठवायचा. तुमचे आलेख ज्या आकड्यांवर उभे असतात, त्यांतले काही माझ्या हातचे असतील.

त्या तक्त्यात एक रकाना असायचा, ‘विकलेला माल’. एकदा एका बाईंच्या उंबऱ्यावर बसून मी तो भरत होते. जमीन एकराहून थोडी जास्त. मुख्य पीक मका, त्याच्या ओळींमध्ये कडधान्य, बांधावर भोपळ्याचा वेल, ओलसर कोपऱ्यात कंद. बाई माझ्याशी बोलता बोलता बियाण्याची कणसं निवडत होत्या. टोकापर्यंत दाणा भरलेलं आणि सालपट घट्ट मिटलेलं कणीस उजवीकडे, बाकीची डावीकडे. सालपट सैल असलं की साठवणीत किडा लवकर शिरतो, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं. उजवीकडच्या ढिगातलं एक कणीस पुन्हा उचलून त्यांनी नखाने दाणा टोकरून पाहिला आणि काही न बोलता डावीकडे टाकलं.

‘या वर्षी किती विकलं?’
‘काही नाही.’
मी शून्य लिहिलं.
‘शेजारच्या दोघींना बी दिलंय, ते धरता का?’
विकलं नव्हतं, म्हणून नाही.
‘आणि घरात खाल्लं ते?’

त्याला वेगळा रकाना होता. तो अंदाजाने भरायचा असे, आणि वर कुणी तो बघत नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अहवाल छापून आला तेव्हा ते घर ‘बाजाराशी न जोडलेली, कमी उत्पादक कुटुंबं’ या गटात जाऊन बसलं होतं. त्या जमिनीने वर्षातले दहा महिने सहा माणसं पोसली होती. त्या बाईंनी जे वाण राखलं होतं, ते आसपासच्या आणखी दोन शेतांत पेरलं गेलं होतं. आमच्या लेखी विक्री शून्य, म्हणजे सगळंच शून्य.

हा केवळ आमच्या कार्यालयाचा आळस होता, असं मला बरीच वर्षं वाटायचं. पण आकडेशास्त्राच्या वरच्या मजल्यावरही हा घोळ आहे. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की घरी खाण्यासाठी पिकवलेलं धान्य हे उत्पादन आहे, ते धरा. तेच धान्य रांधून वाढलं तर मात्र धरू नका. इथवर ठीक. मग २०१३ साली जिनिव्हात श्रमसांख्यिकी तज्ज्ञांची १९ वी आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिने ‘रोजगार’ या शब्दाची व्याख्या आवळली : मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं काम म्हणजे रोजगार. मुख्यतः घरच्यासाठी पिकवणारी बाई काम करते हे मान्य, पण ती रोजगारात नाही. हेतू वाईट नव्हता. असं काम वेगळं मोजलं तर ते नीट दिसेल, अशी त्यामागची कल्पना होती. प्रत्यक्षात वेगळं मोजायला वेगळी पाहणी लागते, पाहणीला पैसे लागतात, आणि पैसे कमी पडले की आधी कोणता रकाना गळतो ते मी पाहिलेलं आहे. तर आज स्थिती अशी की तिचा मका देशाच्या उत्पन्नात बसतो आणि ती स्वतः रोजगाराच्या आकड्यात बसत नाही.

अशी माणसं किती? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगात ६० कोटींहून अधिक शेतकरी खाती, म्हणजे वेगवेगळी कसली जाणारी शेतं, आहेत आणि त्यांपैकी सुमारे ८४ टक्के २ हेक्टरांहून लहान आहेत. एकूण शेतजमिनीपैकी त्यांच्या वाट्याला साधारण १२ टक्के येते, आणि जगातल्या अन्नापैकी सुमारे ३५ टक्के तिथून निघतं. हे सगळे काही पोटापुरतं पिकवणारे नाहीत. बरेच जण थोडं खातात, थोडं विकतात. पण तुमच्या ‘संक्रमणा’चा रोख यांच्याकडेच असतो.

आता, पोटापुरत्या शेतीची आरती ओवाळणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याबरोबर मला बसवू नका. पोटापुरती शेती म्हणजे पोटभर शेती नव्हे. सुगीच्या आधीचे दोन-तीन महिने कसे जातात, ते त्यात जगलेल्याला विचारा. धान्य तळाला गेलेलं, नवं पीक अजून हिरवं, आणि नेमकी त्याच दिवसांत शेतातली सगळ्यात जड कामं. घरातली मोठी माणसं एक वेळ कमी करतात, मग लहानांचं ताट हलकं होतं. तापाचं औषध, शाळेचं शुल्क, तुटलेलं अवजार यांना धान्य चालत नाही, रोख लागते. म्हणून मळणी झाल्या झाल्या, भाव पडलेला असताना चार पोती विकायची, आणि टंचाईत तेच धान्य चढ्या भावाने विकत आणायचं. शेतकरी म्हणून नोंद झालेली कितीतरी कुटुंबं वर्षाच्या हिशोबात धान्य विकण्यापेक्षा विकत जास्त घेतात. शंभर टक्के पोटापुरता शेतकरी मला तरी कुठे भेटला नाही; मीठ सगळ्यांनाच विकत घ्यावं लागतं. तेव्हा त्याला बाजाराचं वारं लागलेलं नाही आणि तुम्ही ते लावून देणार आहात, ही समजूत आधी सोडून द्या.

दुसरी समजूत अशी की पोटापुरती शेती ही माणसाची जुनी, आदिम अवस्था, आणि नगदी पीक म्हणजे प्रगतीची पुढची पायरी. केनियात वसाहतीच्या काळात आफ्रिकी शेतकऱ्यांना कॉफीसारखी किफायतशीर पिकं घ्यायलाच जवळजवळ बंदी होती; ती गोऱ्या मळेवाल्यांसाठी राखलेली होती. १९५४ च्या स्विनर्टन योजनेनंतर, म्हणजे वसाहत सरकारच्याच शेतीसुधारणेच्या योजनेनंतर, ती दारं मोठ्या प्रमाणावर उघडली. त्याआधीच्या पिढीला ‘परंपरेत अडकलेली’ म्हणणारे अहवाल मी वाचले आहेत. कायद्याने हात बांधायचे आणि मग हा हात हलवत नाही अशी तक्रार करायची, असा तो प्रकार.

माझं म्हणणं एवढंच आहे : घरच्या खाण्यासाठी राखून ठेवलेला जमिनीचा तुकडा हा त्या कुटुंबाचा विमा आहे. तुम्ही त्याला मागासलेपण म्हणता आणि नगदी पिकासाठी मोकळा करून मागता. मागा. पण विमा काढून घेताना बदल्यात दुसरा विमा द्या, आणि तो आधी द्या.

तुमचा हिशोब आणि तिचा हिशोब, दोन्ही बरोबर असतात. फक्त तुम्ही सरासरी काढता आणि ती सगळ्यात वाईट वर्ष धरून चालते. समजा, नगदी पीक पाचांतली तीन वर्षं धान्याच्या दुप्पट देतं, एका वर्षी जेमतेम खर्च भरून निघतो आणि एका वर्षी हाती काही लागत नाही. पाच वर्षांची सरासरी काढली तर ती धान्यापेक्षा जास्तच भरते. तुमच्या तक्त्यात हे पीक जिंकलं. पण चौथं आणि पाचवं वर्ष लागोपाठ आलं तर? कर्ज फेडायला जमीन गहाण पडते, आणि मग सहाव्या वर्षीच्या दुप्पट उत्पन्नाचा तिला काय उपयोग? जमीनच तिची राहिलेली नसते. रशियन शेतीतज्ज्ञ अलेक्झांडर चायानोव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडून ठेवलं की शेतकरी कुटुंब कारखान्यासारखं नफ्याच्या मागे धावत नाही. घरात खाणारी तोंडं किती आणि आणखी एका दिवसाचे कष्ट किती जड, हे ते तोलत असतं. स्टालिनच्या राजवटीने १९३७ मध्ये त्यांना गोळी घातली. तिथल्या योजनाकारांकडेही एक संक्रमण तयार होतंच. आपल्याकडे हेच शहाणपण दोन शब्दांत आहे, ‘आधी पोटोबा’, आणि ते तुमच्या कोणत्याही कागदात मला सापडलं नाही.

विमा आधी काढून घेतला तर काय होतं, याची इतिहासात उदाहरणांची वाण नाही. जावा बेटावर डच सरकारने १८३० पासून गावांना जमिनीचा पाचवा हिस्सा निर्यातीच्या पिकांसाठी द्यायला लावला : नीळ, ऊस, कॉफी. कागदावर पाचवा, प्रत्यक्षात पुष्कळदा त्याहून जास्त, आणि भाताच्या चांगल्या जमिनीतून. हॉलंडची तिजोरी भरली. १८४० च्या दशकात मध्य जावात दुष्काळ पडले आणि माणसं उपासमारीने गावं सोडून गेली.

ती तर उघड सक्ती होती, असं तुम्ही म्हणाल. मग सक्ती नसलेलं घ्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडकला, आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. कुणी कुणावर बंदूक रोखली नव्हती. सावकार स्वतःहून कर्ज देत होते, कारण कापूस हेच तारण. युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत आला, भाव कोसळला, सावकारांनी हात आखडला, आणि दरम्यान सरकारने शेतसारा वाढवून ठेवलेला होता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात सुरुवात झाली आणि पुणे-अहमदनगरच्या गावागावांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे बाहेर काढून जाळले. त्यात एकट्या कापसाचा वाटा किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण मला त्यातली एक गोष्ट नेहमी विचार करायला लावते : त्यांचा राग प्रामुख्याने कागदांवर होता, त्यांनी शोधून शोधून कागद जाळले. सरकारने चार वर्षांनी, १८७९ मध्ये, शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. वरातीमागून घोडं.

सेनेगलची गोष्ट थोडक्यात. फ्रेंच राजवटीने तिथे भुईमूग पसरवला आणि भुईमूग पिकवणाऱ्यांच्या पोटासाठी इंडोचायनातून तुकडा तांदूळ आणला. राजवट गेली, भुईमूग आणि आयातीची सवय दोन्ही राहिली. हैतीत तर हे अगदी अलीकडचं : १९९५ मध्ये तांदळावरचं आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणलं गेलं, अमेरिकेतल्या अनुदानावर पिकलेल्या स्वस्त तांदळाने बाजार भरला आणि तिथल्या भातशेतकऱ्याचं कंबरडं मोडलं. पुढे २००८ मध्ये निर्यात करणाऱ्या देशांनी दारं लावून घेतली, तांदळाचा जागतिक भाव काही महिन्यांत जवळजवळ तिप्पट झाला, हैतीत दंगली पेटल्या आणि पंतप्रधानांना पद सोडावं लागलं. २०१० मध्ये बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर या धोरणाबद्दल जाहीर चूक कबूल केली. तुमच्या व्यवसायात असं कबूल करणारे फार कमी, म्हणून नोंदवून ठेवते. कबुलीनंतर भातशेती परत आली नाही, हेही.

आणि कॉफी. कॉफीचं झाड लावल्यापासून नीट फळ धरायला तीन-चार वर्षं जातात. म्हणजे तुम्ही आजच्या भावाकडे बोट दाखवून रोप लावायला सांगता, तो माल चार वर्षांनंतरच्या भावाने विकला जाणार असतो. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराखालची कोटापद्धत, म्हणजे कोणत्या देशाने किती कॉफी निर्यात करायची याची ठरलेली वाटणी, मोडली. त्यानंतरच्या दशकात व्हिएतनाम जवळजवळ तळापासून दुसऱ्या क्रमांकाचा उत्पादक झाला, आणि त्याला तिकडे शाबासकी देणारे आणि मध्य अमेरिकेत कॉफीला कर्ज देणारे लोक एकाच पंथातले होते. २००१ च्या सुमारास भाव अनेक दशकांतल्या नीचांकाला गेला. मध्य अमेरिकेच्या कॉफी पट्ट्यात लाखो मजुरांचा रोज बुडाला. मक्याचा भाव पडला तर मका निदान घरात खाता येतो. कॉफीच्या बिया कुणी उकडून खात नाही. झाड उपटून टाकावं, तर चार वर्षं पाण्यात, आणि पुढच्या वर्षी भाव चढला तर? म्हणून माणूस झाड ठेवतो, खत बंद करतो, आणि एक मुलगा शहराकडे धाडतो.

(टांगानिकातल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या, ब्रिटिशांच्या भुईमूग योजनेचं नाव घ्यायचा मोह आवरत नाही. १९४७ मध्ये सुरू, १९५१ च्या जानेवारीत गुंडाळली, कोट्यवधी पौंड मातीत. पाऊस पुरेसा नव्हता आणि उन्हाळ्यात माती विटेसारखी कडक व्हायची; शेंगा उपटूनच निघेनात. तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणाऱ्यांना हे दोन्ही माहीत होतं.)

नाकारलेल्या मालाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या अहवालांत तो ‘गुणवत्तेचं प्रमाणीकरण’ या दोन शब्दांत उरकतो. करारशेतीतलं एक संकलन केंद्र मी दिवसभर बसून पाहिलं आहे. हिरव्या शेंगा होत्या. टेबलावर लांबी मोजायची पट्टी, जाडीसाठी भोकं पाडलेली चकती. शेंग ठरलेल्या लांबीची हवी, सरळ हवी, डाग नको. एक मुलगी पहाटे तोडलेल्या शेंगांची टोपली घेऊन आली होती. तपासनीसाचा हात भराभर चालत होता, आणि त्याच्या उजव्या हाताला वाकड्या शेंगांचा ढीग वाढत होता. टोपलीतला तिसरा हिस्सा तिथे गेला. वाकडी शेंग चवीला तशीच लागते, पण करारात चव हा शब्द नव्हता. मुलीने तो ढीग परत टोपलीत भरला. ‘आता याचं काय करणार?’ मी विचारलं. ‘पहिल्या दिवशी आम्ही खातो. दुसऱ्या दिवशी शेळी खाते. तिसऱ्या दिवशी शेळीपण नाही खात.’ बियाणं, खत आणि औषधाची किंमत मात्र पूर्ण टोपलीवर कापली गेली होती. कंपनीचं वागणं करारात बसणारं होतं, कुणी फसवलं वगैरे नव्हतं. करार कंपनीच्या वकिलाने लिहिला होता, एवढंच. आणि त्या शेंगांच्या जागी गेल्या वर्षी मका होता.

तो मका कुणाचा होता, हा पुढचा प्रश्न. खूप ठिकाणी घरच्या खाण्याचं पीक बाईच्या हातात असतं आणि विकायचं पीक पुरुषाच्या. पीक बदललं की हात बदलतो. गांबियात १९८० च्या दशकात भाताला सिंचन देणारा एक मोठा प्रकल्प झाला. तिथला भात पूर्वापार बायका पिकवत, आणि प्रकल्पाने जमिनीचे तुकडे बायकांच्या नावे नोंदवायचं ठरवलंही होतं. नोंदी झाल्या. पण पाणी आल्यावर तेच तुकडे ‘घराची सामाईक शेती’ ठरले, म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषाच्या ताब्यातले, आणि त्यावर कष्ट मात्र बायकांचेच. भाताचं उत्पादन वाढलं. प्रकल्प यशस्वी म्हणावा का, हे तुम्ही कोणता रकाना वाचता त्यावर आहे.

एवढं वाचून तुम्ही मला बाजाराची वैरीण ठरवण्याआधी केनियाकडे परत या. १९६४ मध्ये तिथे लहान चहाउत्पादकांसाठी विकास प्राधिकरण उभं राहिलं. आज केनियाच्या चहापैकी निम्म्याहून जास्त पानं लहान शेतकऱ्यांची आहेत. रचना साधी : तोडलेला पाला जवळच्या केंद्रावर वजन करून द्यायचा, महिन्याला ठरावीक रक्कम, आणि वर्षअखेर कारखान्याच्या विक्रीप्रमाणे दुसरा हप्ता. चहा जमिनीच्या एका भागात, मका आणि घेवडा उरलेल्या भागात. व्यवस्थापनाबद्दल तिथल्या शेतकऱ्यांच्या तक्रारी आहेत, मोर्चे निघतात, हे खरं. पण महिन्याला येणारा पैसा आणि शेजारीच उभं असलेलं धान्य, या दोन गोष्टींमुळे एका वाईट वर्षात घर बसत नाही.

ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातल्या एका सहकारी संस्थेवरचा अभ्यास तुमच्यातले अनेकजण दाखला म्हणून देतात. निर्यातीचा वाटाणा आणि ब्रोकोली लावणाऱ्या लहान शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढलं, असं १९८० च्या दशकात तिथे दिसलं. बरोबर. पण त्याच अभ्यासातलं दुसरं वाक्य तुम्ही गाळता : त्या शेतकऱ्यांनी मका सोडला नव्हता, उलट भाजीच्या पैशातून आणलेल्या खतामुळे त्यांचा मका इतरांपेक्षा चांगला पिकत होता. आणि तिसरंही आहे. पुढे बऱ्याच वर्षांनी तीच कुटुंबं पुन्हा तपासली तेव्हा सुरुवातीचा फायदा बऱ्याच जणांच्या बाबतीत विरून गेला होता.

मग मागणं काय, ते सांगते. कर्ज देताना ‘संपूर्ण क्षेत्र नगदी पिकाखाली’ ही अट घालू नका. घरच्या धान्याचा तुकडा कर्जदाराने राखला तर त्याचा धोका वाढत नाही, कमी होतो, आणि बँकेलाही ते सोयीचं आहे. मका, ज्वारी, कंद, कडधान्यं यांच्या संशोधनाला निर्यातीच्या पिकांइतका नाही तरी लाज वाटणार नाही इतका पैसा द्या. शेतकऱ्याच्या घरच्या बियाण्याला गुन्हा ठरवणारे कायदे लिहू नका. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१८ मध्ये शेतकऱ्यांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, त्यात बियाण्याचा हक्क आहे. १२१ देश बाजूने, ८ विरोधात, ५४ तटस्थ. तुमच्या देशाने कोणतं बटण दाबलं, ते एकदा पाहून घ्या.

साठवणीवर खर्च करा. या एका गोष्टीसाठी मी तुमच्या दारात धरणं धरायला तयार आहे. नायजरमध्ये ‘वॉरंटाज’ नावाची पद्धत आहे. सुगीला शेतकरी धान्य गावच्या गोदामात ठेवतो. गोदामाला दोन कुलुपं, एकाची किल्ली शेतकऱ्यांच्या संघाकडे, दुसरी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. धान्याच्या तारणावर लगेच रोख मिळते. टंचाईत भाव चढला की धान्य विकायचं किंवा घरी न्यायचं आणि कर्ज फेडायचं. यात नवं पीक नाही, नवं यंत्र नाही, निर्यात नाही. फक्त तेच पोतं चार महिने उशिरा विकलं जातं. चोख चार भिंती, कोरडी जमीन, दोन कुलुपं. प्रकल्पाचं उद्घाटन करायला हे फार लहान पडतं, मला कळतं.

आणि ज्याला बाजार म्हणता, तो सातासमुद्रापलीकडचाच असायला हवा असं नाही. ब्राझीलने २००९ मध्ये कायदा करून शाळेतल्या जेवणासाठी केंद्राकडून जाणाऱ्या निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम कुटुंबशेती करणाऱ्यांकडून माल घेण्यावर खर्च करणं बंधनकारक केलं. शाळा रोज भरते, मुलं रोज जेवतात, आणि वाकडी शेंग कापून शिजवली की सरळ शेंगेसारखीच दिसते. असा ग्राहक पाच मैलांवर असेल तर शेतकरी तुमच्या प्रशिक्षणवर्गाची वाट न पाहता आपोआप जास्त पेरतो. व्हिएतनामने १९८० च्या दशकाच्या शेवटी जमीन कुटुंबांच्या हाती दिली आणि जास्तीचं विकायची मुभा दिली. धान्य आयात करणारा तो देश १९८९ मध्ये तांदूळ निर्यात करू लागला. तिथल्या घरांनी पहिलं पोतं जहाजावर चढवलं नव्हतं.

शेवटचं मागणं सगळ्यात अवघड, कारण ते तुमच्या खिशाशी संबंधित आहे. पीक बदला असं सांगणाऱ्याने त्या बदलातल्या धोक्याचा काही भाग स्वतःवर घ्यावा. आत्ता असं आहे की भाव चढला तर यशोगाथा तुमची आणि पडला तर ‘शेतकऱ्याने बाजाराचा अभ्यास केला नाही’. पहिली तीन वर्षं भाव ठरावीक रेषेच्या खाली गेला तर हप्ता आपोआप थांबेल, एवढी एक ओळ कर्जाच्या करारात घालून बघा. मग प्रकल्प निवडताना तुमचे आकडे किती जपून काढले जातील ते मला पाहायचं आहे.

हे सगळं एकदम होणार नाही. पण पुढच्या पाहणीचा तक्ता कुठेतरी तयार होतच असेल, आणि त्यात बदल करायला मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही. ‘विकलेला माल’ या रकान्याच्या वरती एक प्रश्न घाला : ‘या वर्षी घरचं धान्य कोणत्या महिन्यात संपलं?’ काही पाहण्यांत तो असतो, पण पार शेवटच्या पानावर, जिथे पोचेपर्यंत विचारणारा आणि सांगणारा दोघंही कंटाळलेले असतात. तो पहिल्या पानावर आणा. उत्तराला वजन-माप, भाव, अंदाज काही लागत नाही. महिन्याचं नाव लागतं, आणि ते घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं. प्रकल्पाआधी एकदा विचारा आणि पाच वर्षांनी त्याच दारात परत एकदा. महिना पुढे सरकला असेल तर तुमच्या संक्रमणाला मी आनंदाने टाळ्या वाजवीन.

त्या कणसं निवडणाऱ्या बाईंना मी हा प्रश्न विचारलाच नव्हता. तक्त्यात नव्हता. निघताना त्यांनी आपणहून सांगितलं, पण तोवर मी पेनाला टोपण लावलं होतं.

आपली,
पाहणीचे तक्ते भरणारी एक निवृत्त कर्मचारी